टायरबरोबर उठून येणारा रंग

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमचं घर जुळे सोलापूरमध्ये आहे, बांधून ११ वर्षं झाली. गाडीसाठी ११ बाय १८ फुटांचं गॅरेज आहे आणि खाली कोबा. कितीही झाडलं तरी त्यातून पांढरी धूळ निघतच राहते. ती गाडीवर बसते आणि शेजारच्या धान्याच्या कोठीवरही बसते. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी कोब्याला करडा ऑइलपेंट मारून घेतला. सहा महिन्यांत चाकांखालचा सोलला. गाडी मागे घेतली की टायरला पापुद्रा चिकटून येतो. पेंटरला बोलावलं तर म्हणतो, "टायरलाच चिकटालंय की ओ, त्याला मी काय करू?" आता दुसरा पेंटर इपॉक्सी मारा म्हणतोय, तिसरा म्हणतो रंगाच्या भानगडीत न पडता फरशी बसवा. सासूबाई त्याच वाटेने तुळशीकडे जातात, त्यामुळे घसरडं नको. दिवाळीच्या आत व्हायला हवं. कोणता रंग घेऊ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, कोणता रंग हे आपण शेवटी बघू. मी ३० वर्षं रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसलो. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारायचा आणि मीही मागं वळून डबा काढून द्यायचो. आता गल्ल्यावर मुलगा बसतो, त्यामुळं मला खरं बोलायला मोकळीक आहे.

आधी तुमच्या पेंटरचं. टायरचा दोष आहे, पण अर्धाच. ऑइलपेंट लाकडाला आणि लोखंडाला चांगला. त्यात तेलाचा अंश असतो, आणि सिमेंट असतं क्षारधर्मी. खालून जरा ओल मिळाली की सिमेंटातला क्षार त्या तेलाचा साबण करतो. गंमत म्हणून सांगत नाही, कॉस्टिक सोडा आणि तेलापासून साबण होतो तीच ही क्रिया. सोललेला एक पापुद्रा उलटा करून बोटानं चोळून बघा, बहुतेक चिकट-बुळबुळीत लागेल. म्हणजे रंगानं जमीन आधीच सोडलेली होती. मग पुण्याहून अडीचशे किलोमीटर धावून आलेली गाडी तिथं उभी राहते. तापलेला टायर रंगाला मऊ करतो आणि थंड होता होता आकसतो. आकसताना धरलेला रंग ओढून घेतो. चांगल्या रंगाचीसुद्धा खालची पकड कच्ची असेल तर हेच होतं. त्यामुळं इपॉक्सी, म्हणजे दोन डबे एकत्र मिसळून मारायचा तो कडक रंग, आणला म्हणून सुटलो, असं समजू नका.

आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, तो तुमच्या पत्रात नाही. पाण्याचा हौद कुठं आहे?

आपल्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून घर बांधतानाच जमिनीखाली हौद घेतात. आणि जागा वाचावी म्हणून तो घेतात नेमका गाडी लावायच्या जागेखाली. माझ्याही घरी तसाच आहे. दुकानदाराच्या घरचा रंग म्हणून मी मोठ्या हौसेनं स्वतःच्या गॅरेजला महागातलं इपॉक्सी मारलं होतं. मार्चमध्ये मारलं, जमीन खडखडीत वाटत होती. पुढच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात पापड भाजताना येतात तसे फोड यायला लागले, रुपयाच्या नाण्याएवढे. बायकोनं साडीची पिन आणून एक फोड टोचला तर आतून पाण्याचा थेंब बाहेर आला. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. फोड बरोबर हौदाच्या झाकणापासून सव्वा हाताच्या पट्ट्यात होते, बाकी गॅरेज आरशासारखं. रंग चांगला होता, मारणारा माणूसही चांगला होता. दुकानदारानंच जमीन तपासली नव्हती.

म्हणून तुम्ही एवढं करा. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे दीड फूट बाय दीड फुटाचे चार तुकडे कापा. जिथला ऑइलपेंट निघालाय अशा उघड्या कोब्यावर, चारही कडा चिकटपट्टीनं हवाबंद करून चिकटवा. एक चाकाच्या जागी, एक हौदाच्या अंगाला, एक बागेच्या भिंतीलगत, एक अगदी मध्ये. आणि हे ज्या दिवशी नळाला पाणी येऊन हौद काठोकाठ भरतो त्या दिवशी करा, रिकाम्या हौदावर केलेली परीक्षा खोटी. किमान १६ तास राहू द्या. संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर उचला. प्लॅस्टिकच्या आतून बाष्प धरलं असेल किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट दिसला तर ओल आहे. चारांपैकी एका ठिकाणी जरी दिसली तरी आहे.

ओल निघाली तर रंग मारू नका. इपॉक्सी वाफ बाहेर जाऊ देत नाही, ती खालून ढकलत राहते. आधी हौदाचं आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या आणि परीक्षा पुन्हा घ्या. तोवर धुळीसाठी सिलिकेट हार्डनर मिळतो, पाण्यासारखा पातळ. तो कोब्यात मुरतो, आतल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन छिद्रं घट्ट होतात आणि धूळ बसते. त्याचा पापुद्रा होत नाही, म्हणून सोलायचाही प्रश्न नाही. मात्र जुना ऑइलपेंट आधी निघायला हवा, रंगावरून तो मुरत नाही. दिसायला कोबा कोब्यासारखाच राहतो. तुमची खरी तक्रार धुळीचीच असेल तर ताई, कदाचित एवढ्यानंच भागेल, आणि मुलगा माझ्यावर चिडेल.

चारही प्लॅस्टिकं कोरडी निघाली असं धरून पुढं जाऊ.

तुमच्या कोब्यातून धूळ का निघते? मिस्त्री लोक कोबा ओतला की वरून कोरडं सिमेंट भुरभुरवतात, पाणी शिंपडतात आणि थापीनं घोटतात. दिसायला तुळतुळीत होतं, पण पाणी जास्त झालं की सिमेंटची बारीक साय वर येते. दुधाची साय दाट असते, ही मात्र भुसभुशीत. पुढं पाणी मारून नीट भिजवलं नसेल तर ती आणखी कच्ची राहते. किल्लीच्या टोकानं कोब्यावर जोरात रेघ मारून बघा. पांढरी पूड निघून खाच पडली तर रंग या सायीला चिकटणार, आणि साय कोब्याला चिकटलेलीच नाही.

माझे वडील पूर्व भागात सूत रंगवायच्या कारखान्यात होते. तिथं चादरीचं सूत आलं की रंगाच्या आधी सोड्याच्या पाण्यात तासन्‌तास उकळायचे, कारण कापसाच्या धाग्यावर मेणाचा अंश असतो आणि त्यावर रंग धरत नाही. नवीन पोरगा घाई करून कच्चं सूत रंगात बुडवायचा, तेव्हा लडी बाहेर काढल्यावर तिच्यावर पांढरे-पांढरे पट्टे दिसायचे. वडील काही बोलायचे नाहीत, ती लडी त्याच्या खुंटीला दिवसभर टांगून ठेवायचे. मला कोबा बघितला की ती लडी आठवते.

तर ही साय आणि जुना ऑइलपेंट, दोन्ही काढायचे. ढिला रंग पत्रीनं खरवडून निघेल, चिकट उरलेला घासूनच काढावा लागेल. पेंटर म्हणेल, "ॲसिड टाकून धुऊन घेतो, स्वस्तात होतंय." नको म्हणा. एक तर ऑइलपेंटवर ॲसिड काही करत नाही, ते उघड्या सिमेंटवरच चालतं. दुसरं, ॲसिड टाकलं की नंतर धुण्याच्या सोड्यानं ते मारावं लागतं आणि मग दोन-तीनदा भरपूर पाण्यानं धुवावं लागतं. नाहीतर क्षार आत राहून रंग उचलतात. एवढं पाणी आपल्याकडं कुठून आणायचं? पाणी आलेल्या दिवशी घरात कपडे-भांडी सोडून कोबा धुणार आहात का? त्यापेक्षा हातग्राइंडरला डायमंड कप व्हील, म्हणजे हिऱ्याची कणी बसवलेली वाटीसारखी चकती, लावून सगळा कोबा घासून घ्या. २०० चौरस फुटांना एक माणूस एक दिवस. घासल्यावर तळहात फिरवला की ८० नंबरच्या पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे. वर पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात मुरून काळा डाग पडला तर जमीन रंग प्यायला तयार झाली. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर खाली अजून तेल किंवा रंग आहे.

घासताना उडणारी धूळ वाळूची असते, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. घासणाऱ्याला एन-९५ मास्क द्या, नाकाला गुंडाळलेला पंचा चालत नाही. आणि ती धान्याची कोठी आधीच वर न्या. धूळ मग झाडू नका, व्हॅक्यूमनं ओढून घ्या. झाडलेली धूळ हवेत उडते आणि रात्री परत खाली येऊन बसते.

भेगांचं म्हणाल तर केसाएवढ्या भेगा इपॉक्सी लांबीनं (पुट्टीनं) भरतात. पण आपली जमीन काळ्या मातीची, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पावसाळ्यात मिटणारी आणि मे महिन्यात बोट जाईल एवढी उघडणारी भेग असेल तर ती जिवंत भेग. ती कडक लांबीनं भरली की शेजारी दुसरी पडते. तिथं लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा आणि त्या रेषेवर रंग तुटणार हे आधीच मनाला सांगून ठेवा.

आता तुमचा डबा. एका डब्यातून येतो तो ॲक्रिलिक फ्लोअर पेंट घेऊ नका. पायी चालायच्या जागेला तो ठीक, टायरखाली नाही. दोन डब्यांचं इपॉक्सी घ्या, एकात बेस म्हणजे मूळ रंग आणि एकात हार्डनर म्हणजे तो कडक करणारं द्रव्य, आणि त्याच कंपनीचा इपॉक्सी प्रायमर. आधी प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन हात. सगळं मिळून पोस्टकार्डाच्या आसपास जाडी येते, घरच्या एका गाडीला ती पुरते. कारखान्यात ओततात तसला दोन-तीन मिलिमीटरचा सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतला की आपोआप सपाट होणारा, थर कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. डब्यावर एका लिटरमध्ये १०० चौरस फूट असं काही लिहिलेलं असलं तरी ते गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं. घासलेल्या कोब्यावर ७० धरा, म्हणजे तुमच्या १९८ चौरस फुटांना एका हाताला साधारण ३ लिटर. रंग फिक्कट करडाच घ्या. पांढऱ्यावर टायरचे पट्टे दिसतात आणि काळ्यावर आपल्या गावची धूळ.

मिसळायच्या बाबतीत मात्र अंदाज चालत नाही. बेस आधी तळापासून ढवळा, रंगद्रव्य खाली बसलेलं असतं. मग हार्डनर पूर्ण ओता. "अर्धा आज, अर्धा उद्या" करायला डोळ्यानं निम्मं मोजलं की काही जागी रंग महिनाभर चिकट राहतो. दोन्ही नीट एकजीव झाले की दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं राहतं. घड्याळ बघायला विसरू नका. डब्यावर २५ अंशांना ४० मिनिटं लिहिली असतील तर ३५ अंशांना २० च धरा. एका एप्रिलमध्ये आमच्याकडच्या पोरानं चार लिटरचा डबा एकदम मिसळला आणि चहाला गेला. परत आला तेव्हा बादली इतकी तापली होती की हात लावता येईना, आणि ढवळायची काठी आत उभीच्या उभी गोठलेली. ती काठी अजून दुकानात आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला. बादलीत साठलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं लवकर गोठतं, म्हणून मिसळलं की लगेच जमिनीवर पट्ट्यात ओता आणि रोलरनं पसरा.

वेळ दुपारी चारच्या पुढची घ्या. दिवसा जमीन तापत असते तेव्हा कोब्यातली हवा फुगून वर येते आणि ओल्या रंगात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडते. जमीन निवायला लागली की हे होत नाही. रंगाचा पहिला हात ओला असतानाच त्यावर बारीक क्वार्ट्‌झ वाळू शिंपडा, सासूबाईंच्या वाटेवर जरा जास्त. कोशिंबिरीवर मीठ भुरभुरवतात तेवढीच, शेंगाचटणीसारखी थापू नका. नाहीतर पुसताना फडकं अडकेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. दुसरा हात डब्यावर दिलेल्या मुदतीत मारा, बहुतेक दुसऱ्या दिवशी. मुदत टळली तर पहिला हात पुन्हा घासावा लागतो. सगळं चालू असताना शटर अर्धं उघडं ठेवा, आणि आतल्या दारातून स्वयंपाकघर जवळ असेल तर तिथला गॅस बंद.

दुसऱ्या हातानंतर एक दिवसानं चप्पल न घालता चाला. गाडी मात्र ७ दिवस बाहेर, थंडी असेल तर १०. हे शेवटचे सात दिवस लोक पाळत नाहीत. पाहुणे आले, गाडी आत घेतली, आणि चाकांचे चार ठसे कायमचे.

दिवाळीचं म्हणाल तर उलटं मोजा. गाडीचे ७ ते १०, रंग-प्रायमरचे ३, घासणं आणि सफाई २, प्लॅस्टिकची परीक्षा १. म्हणजे सोळा दिवस हाताशी हवेत आणि त्यांत पाऊस नको. आपल्याकडं सप्टेंबरचा पाऊस भरवशाचा आणि तो कधी कधी ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. जमत नसेल तर या दिवाळीत शेणसडा नि रांगोळी घाला आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाल्यावर जानेवारीत काम काढा. तेव्हा हवा कोरडी असते आणि पेंटरही रिकामे.

प्रश्न : अशोक चौकाच्या बाजूला आमच्या वडिलांचा जुना मागाचा शेड आहे. माग विकले, आता तिथं दोन गाड्या आणि टेम्पो लावतो. जमीन तेलानं काळी झालीय. थेट रंग मारला तर?
– एक वाचक, सोलापूर पूर्व भाग

उत्तर : थेट मारला तर टिकणार नाही. वर्षानुवर्षं मागाखाली गळलेलं तेल नुसतं वर नसतं, कोब्यात बोटभर खोल मुरलेलं असतं. वरून धुतलं तर दिसायला स्वच्छ, आणि ऊन तापलं की पुन्हा वर येतं. रॉकेल किंवा पेट्रोलनं पुसायचा तर विचारही करू नका. एक तर आगीचं भय, शिवाय तेल पातळ होऊन आणखी खाली जातं.

डीग्रीजर म्हणजे तेल-ग्रीस सोडवणारं द्रव्य टाका, ताठ ब्रशनं घासा, गरम पाण्यानं धुवा, ते पाणी व्हॅक्यूमनं ओढून घ्या. हे दोन-तीन वेळा. मग ग्राइंडर फिरवा आणि थेंबाची परीक्षा घ्या, मागांची ओळ होती नेमक्या तिथं. आठ दिवस थांबून पुन्हा थेंब टाका, कारण तेल परत वर यायला वेळ घेतं. आठ दिवसांनीही थेंब मुरला तर रंगाला हरकत नाही. मोत्यासारखा उभा राहिला तर त्या पट्ट्यांमधला कोबा तोडून तेवढ्यापुरता नवा घाला. पूर्ण शेड तोडायची गरज क्वचितच पडते, माग जिथं उभे होते त्या ओळीच बहुतेक वाईट असतात. नवा कोबा २८ दिवस जाऊ द्या, मग रंग. टेम्पो येतो म्हणता, तर इथं तो जाड सेल्फ-लेव्हलिंग थर मी स्वतः सुचवीन. वर ताईंना नको म्हटलं त्याच्या उलट.

प्रश्न : पार्किंगला शहाबादी फरशी आहे. तिच्यावर इपॉक्सी बसेल का? आणि बाहेरच्या उतारावर पण मारायचं आहे, तिथं दिवसभर ऊन असतं.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : शहाबादीवर नको. तो चुनखडीचा दगड आहे, सांध्या-सांध्यातून ओल वर येते आणि पेंटरनं ॲसिड टाकलं तर दगड फसफसून खडबडीत होतो. पॉलिश करून घ्या. कलबुर्गीकडून जवळच्या जवळ येणारा इतका चांगला दगड रंगाखाली झाकायचा का, हे मला कधी कळलेलं नाही.

उतारावर इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं आणि वर्ष-दोन वर्षांत भुकटी सुटते. अगदी मारायचंच असेल तर वरचा हात पॉलियुरेथेनचा हवा. तो उन्हात टिकतो. पण पावसात ओल्या उतारावरून स्कूटर खाली आणताना रंगापेक्षा खाचांची जास्त गरज लागते. मिस्त्रीला सांगून आडव्या खाचा पाडून घ्या, चार बोटांवर एक.